वन्य नदीवर कायाक घेऊन जाताना: आधी काठ, मग पाणी

डिसेंबरातली सकाळ होती. गाडीच्या टपावर तीन कायाक बांधून आम्ही अमेरिकेतल्या चटूगा नदीच्या वरच्या भागाकडे निघालो होतो. घरून निघताना बरेल्स फोर्डच्या जलमापकावर ३६० क्युसेक दिसत होते. डोंगर चढण्याआधी फोनला शेवटचा सिग्नल मिळतो, तिथे थांबून पुन्हा पाहिलं तर आकडा ३४० वर आला होता. या भागात कायाक उतरवायला किमान ३५० क्युसेक लागतात. आम्ही पुढे गेलो, पण दोऱ्या सोडल्या नाहीत. तासभर काठाने चाललो आणि परतलो.

दहा क्युसेकने काय बिघडतं, असं तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारलंही. पाण्याच्या दृष्टीने जवळपास काहीच बिघडत नाही. पण तो ३५० चा आकडा होड्यांवरच्या जवळजवळ चार दशकांच्या बंदीनंतर आणि भांडणानंतर ठरला आहे, आणि त्याच्या आधारावरच आज आपल्याला तिथे जाता येतं. अमेरिकेत राहून कायाकिंग शिकणारे मराठी मित्रमैत्रिणी मला विचारतात, की संरक्षित नदीवर जायचं तर सुरुवात कुठून करायची. पॅडल कसं मारायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. नदीपर्यंत पोचण्याचा, नदीत असण्याचा आणि नदीतून बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे का, हे कसं तपासायचं ते इथे क्रमाने सांगते.

१. ‘संरक्षित’ म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स’ कायद्यावर सही केली. त्या काळात धरणांचा धडाका चालू होता, आणि काही नद्या तरी मोकळ्या वाहू द्याव्यात हा या कायद्याचा गाभा होता. सुरुवातीला यादीत आठ नद्या होत्या. आयडाहोची मिडल फोर्क सॅमन आणि ऑरेगनची रोग या त्यांपैकीच. आज ही यादी १३,००० मैलांच्या पुढे गेली आहे. ऐकायला मोठा वाटणारा हा आकडा देशातल्या एकूण नद्यांच्या लांबीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

नदीचे भाग तीन वर्गांत मोडतात: वाइल्ड, सीनिक आणि रिक्रिएशनल. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. ‘वाइल्ड’ म्हणजे पाणी भयंकर आणि ‘रिक्रिएशनल’ म्हणजे सहलीचं, असा अर्थ तो लावतो. या वर्गांचा खळाळाच्या अवघडपणाशी काहीही संबंध नाही. काठापर्यंत रस्ता किती पोचतो आणि काठावर माणसाचं बांधकाम किती आहे, यावरून वर्ग ठरतो. जिथे बहुधा पायवाटेनेच जाता येतं तो भाग वाइल्ड, मधूनमधून रस्ता भेटतो तो सीनिक, आणि रस्ता किंवा रेल्वे सहज जवळ येते तो रिक्रिएशनल. पाण्याची अवघड श्रेणी वेगळी मोजतात, १ ते ६ अशी. त्यामुळे रिक्रिएशनल भागातही जीवघेणा खळाळ असू शकतो, आणि वाइल्ड भागात मैलभर संथ पाणी.

दुसरी चूक जास्त महागात पडते. नदी संरक्षित आहे म्हणजे ती कायाकसाठी खुली आहे, असं मुळीच नाही. हा कायदा प्रामुख्याने धरणं रोखतो आणि नदीचे खास गुण जपायला सांगतो. होडी चालू द्यायची की नाही, किती आणि केव्हा, हे त्या नदीच्या व्यवस्थापन आराखड्यात ठरतं. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर संरक्षित यादीतल्या नद्या असूनही जवळजवळ सर्व नद्यांवर होड्यांना मनाई आहे. लुईस आणि शोशोनी या तलावांना जोडणारा लुईस नदीचा भाग तेवढा अपवाद. म्हणून जी नदी मनात असेल तिचं नाव घेऊन आधी एवढं शोधा, की तिचं व्यवस्थापन कोणाकडे आहे: फॉरेस्ट सर्व्हिस, नॅशनल पार्क सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट की फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस. नियम त्यांच्याच पानावर मिळतील. मित्राच्या आठवणीतल्या नियमांवर जाऊ नका. त्याला आठवतो तो आराखडा कदाचित बदललेला असेल.

२. काठ कोणाचा, तळ कोणाचा?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. बहुतेक जण तो गाळतात.

नदी संरक्षित झाली म्हणून तिच्या काठावरची खासगी जमीन सरकारची होत नाही. नकाशावर हिरवा पट्टा सलग दिसतो, पण त्यात खासगी तुकडे असतात. त्यांच्यावरून चालत जायला, तिथे जेवायला थांबायला किंवा खळाळ टाळण्यासाठी कायाक खांद्यावर घेऊन वळसा घालायला मालकाची परवानगी लागू शकते. पाण्यावरून नुसतं वाहत जाण्याबद्दलचे नियम राज्यागणिक बदलतात.

माँटानात १९८५ चा कायदा आहे. नदीच्या नेहमीच्या भरपाण्याच्या खुणेपर्यंत पात्र लोकांना वापरता येतं, तळ कोणाच्याही मालकीचा असला तरी. पण नदीपर्यंत पोचायला खासगी शेत ओलांडण्याचा हक्क हा कायदाही देत नाही. कोलोराडोत चित्र उलटं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली एमर्ट खटल्यात राफ्टमधून खासगी जमिनीतून गेलेल्यांची अतिक्रमणाची शिक्षा कायम ठेवली. पुढे १९८३ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी मत दिलं, की तळाला किंवा काठाला न टेकता वाहत गेलं तर तो फौजदारी गुन्हा नाही. म्हणजे एकच कायाक माँटानात दगडाला टेकली तर काही नाही, आणि कोलोराडोत टेकली तर तुम्ही अडचणीत. न्यू मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला: पाणी जनतेचं आहे, आणि ते वापरण्यासाठी गरजेपुरतं तळाला पाय लावणं त्या हक्कातच येतं. जॉर्जियात ‘नौकानयनास योग्य’ नदीची व्याख्या एकोणिसाव्या शतकातली आहे आणि ती मालाने भरलेल्या व्यापारी नावेवर बेतलेली आहे. कायाक चालते एवढ्यावर तिथे हक्क सिद्ध होत नाही.

हे वाचून घाबरू नका, नकाशा उघडा. राष्ट्रीय वनाच्या नकाशावर सरकारी आणि खासगी जमीन वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली असते. तुमच्या मार्गावरचा प्रत्येक खासगी तुकडा शोधा. तिथे नदीतून उतरायची वेळ येईल का, हे स्वतःला विचारा. तिथे मोठा खळाळ असेल, तर उत्तर ‘येईल’ असंच धरून चला.

३. परवाना कोणत्या तऱ्हेचा आहे?

ढोबळ मानाने तीन तऱ्हा भेटतात. पहिली स्वनोंदणीची: उतरण्याच्या जागी पेटी असते, त्यातला कार्ड भरायचा, एक प्रत टाकायची, एक जवळ ठेवायची. पैसे लागत नाहीत, पण कार्ड न भरता जाणं हा नियमभंगच. चटूगावर हीच पद्धत आहे. कंटाळा करू नका. संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत, तर शोध घेणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदा तोच कार्ड लागतो.

दुसरी सोडतीची. आयडाहोकडच्या चार नद्यांची, म्हणजे मिडल फोर्क सॅमन, मुख्य सॅमन, सेलवे आणि हेल्स कॅन्यनमधली स्नेक यांची, सोडत एकत्र निघते. अर्ज १ डिसेंबर ते ३१ जानेवारी या काळात रिक्रिएशन डॉट गव्हवर करायचा, अर्जाचं शुल्क ६ डॉलर, आणि ते परत मिळत नाही. सेलवेवर नियंत्रित हंगामात दिवसाला एकच गट सोडतात. पहिल्या वर्षी नंबर लागेल अशी आशा धरू नका. ज्याचा नंबर लागला आहे त्याच्या गटात जागा मिळवणं हा नव्या माणसासाठी खरा रस्ता आहे, आणि तोच बराही, कारण अशा नद्यांवर पहिली फेरी जाणत्या माणसाबरोबरच व्हावी.

तिसरी तऱ्हा म्हणजे हंगाम, पाणी आणि वेळ यांच्या अटींची. परवाना हातात असूनही दार बंद असू शकतं. त्यासाठी चटूगाची गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

४. चटूगाच्या उदाहरणावरून टप्पा निवडायला शिका

चटूगा नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात उगवते आणि पुढे जॉर्जिया व साउथ कॅरोलायनाची सीमा बनून टूगालो तलावाला मिळते. १० मे १९७४ रोजी तिचा सुमारे ५७ मैलांचा भाग संरक्षित झाला, त्यातला जवळपास ४० मैलांचा भाग ‘वाइल्ड’ वर्गात आहे. ती तीन राष्ट्रीय वनांतून वाहते: नॅन्टाहाला, चॅटाहूची आणि सम्टर. १९७२ साली आलेल्या एका गाजलेल्या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं होतं, आणि त्यानंतर तयारी नसलेल्यांचीही झुंबड उडाली.

१९७६ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने महामार्ग २८ च्या वरच्या भागात होड्यांना बंदी केली. ट्राउट धरणाऱ्यांना निवांतपणा हवा होता, आणि दोन्ही बाजूंत खटके उडत होते. खालचा भाग होड्यांना, वरचा गळ टाकणाऱ्यांना, अशी ती वाटणी. २००४ च्या आराखड्यात बंदी पुढे चालू राहिली, तेव्हा ‘अमेरिकन व्हाइटवॉटर’ या संस्थेने अपील केलं. २००५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्याच वॉशिंग्टनच्या कार्यालयाने सांगितलं, की एवढ्या सरसकट बंदीला पुरेसा आधार दाखवलेला नाही, पुन्हा अभ्यास करा. २०१२ मध्ये निर्णय झाला: ग्रीन क्रीक ते लिक लॉग क्रीक या भागात १ डिसेंबर ते ३० एप्रिल, दिवसाउजेडी, आणि बरेल्स फोर्डला ३५० क्युसेक किंवा अधिक पाणी असेल तेव्हाच कायाक. यावरही कोर्टकचेरी झाली. कायाकवाल्यांना हे फार थोडं वाटलं, काठावरच्या जमीनमालकांना फार जास्त. २०१४ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने २०१२ चा निर्णय कायम ठेवला. ग्रीन क्रीकच्या वर नदी खासगी जमिनीतून जाते. तिथे ती ‘नौकानयनास योग्य’ आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने उघडलाच नाही.

मला स्वतःला वर्षभर मुभा असायला हवी होती असं वाटतं. भरपूर पाणी असतं तेव्हा तिथे गळ टाकणं तसंही कठीण असतं, त्यामुळे पाण्याचा आकडाच दोघांना वेगळं ठेवू शकला असता. तरीही आज जो नियम आहे तो मी काटेकोर पाळते. आपल्यातल्या एकाने ३४० वर कायाक घातली, तर बंदी मागणाऱ्यांच्या हाती तो दाखला जन्मभर राहतो.

आता निवड. वरचा भाग नव्या माणसासाठी नाही: अरुंद, उताराचा, आणि तिथे पात्रात पडलेली झाडं होड्यांच्या सोयीसाठी तोडत नाहीत. सुरुवात खालच्या भागातल्या, ‘दुसरा टप्पा’ म्हणतात त्यापासून करा. महामार्ग २८ ते अर्ल्स फोर्ड, साधारण सात मैल. बहुतेक पाणी श्रेणी १ ते २ चं, फक्त बिग शोल्स हा खळाळ ३ चा, आणि तो थांबून पाहता येतो. हा टप्पा चार-पाच वेळा, वेगवेगळ्या पाण्यात करा. तिसरा टप्पा अर्ल्स फोर्डपासून महामार्ग ७६ च्या पुलापर्यंत, तेरा मैलांच्या आसपास. लांब दिवस असतो, आणि हात दमलेले असताना शेवटी बुल स्लूस हा मोठा खळाळ येतो. तिथे कायाक उचलून चालत जाण्यात कसलाही कमीपणा नाही. सोपं करायचं असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी महामार्ग ७६ वर गाडी लावून थोडं चालत जा आणि तासभर दुसऱ्यांना बुल स्लूसमधून जाताना बघा. कुठे पलटतात आणि पलटल्यावर कुठे बाहेर पडतात, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

चौथा टप्पा, म्हणजे वुडॉल शोल्स आणि पुढचे फाइव्ह फॉल्स, हा जाणत्यांचा. कपारींत आणि खडकांखाली माणूस अडकू शकतो, आणि इथे माणसं दगावली आहेत.

५. पाण्याचा आकडा वाचायला शिका

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ३५० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे दहा हजार लिटर. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची, जलमापकं हे आकडे फुकट दाखवतात.

नुसता आकडा बघू नका, आलेख बघा. डोंगरातल्या नद्या पावसानंतर झपाट्याने चढतात आणि तशाच उतरतात. आम्ही ३६० पाहून निघालो, पण रेघ उतरणीला लागली होती हे पाहिलं नाही. तीच चूक होती. उतरत्या रेघेवर ३६० दिसत असेल तर पोचेपर्यंत तो ३५० च्या खाली जाईल असं धरा. चढत्या रेघेवर धोका उलटा: तुम्ही नदीत असताना पाणी वाढत राहील, आणि सकाळी सोपा वाटलेला टप्पा दुपारी ओळखू येणार नाही. मापक कुठे आहे तेही पाहा. खालच्या टप्प्यांचा अंदाज महामार्ग ७६ च्या मापकावरून, फुटांमध्ये बांधतात, आणि वरच्या भागाचा नियम बरेल्स फोर्डच्या मापकावर चालतो. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

६. सामान आणि सोबत

लाइफ जॅकेट, हेल्मेट, थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी), शिट्टी, कोरडे कपडे, प्रथमोपचार. कपडे हवेच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानाचे. डिसेंबर ते एप्रिल म्हणजे ड्रायसूट, आत पाणी न शिरू देणारा पोशाख. सुती कपडा अंगावर नको. एकट्याने जाऊ नका. काही टप्प्यांवर किमान किती माणसं किंवा होड्या असाव्यात याचे नियमही असतात. स्वनोंदणीच्या फलकावर ते वाचायला मिळतात.

एक गोष्ट मात्र पाठ करा. कायाकमधून बाहेर पडलात आणि पाणी वाहतं आहे, तर उभं राहू नका. पाठीवर तरंगा, पाय पुढे, पावलं पाण्याच्या पृष्ठभागाशी. तळातल्या दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो, आणि हे कमरेएवढ्या पाण्यातही होतं. उभं राहण्याची इच्छा फार स्वाभाविक असते, म्हणून आधी संथ पाण्यात मुद्दाम पडून सराव करा.

७. चढण्याची आणि उतरण्याची जागा

हक्काची साखळी तुटते ती बहुतेक वेळा गाडी लावताना. ठरलेल्या जागीच उतरा, ठरलेल्या जागीच बाहेर पडा. वाटेतला एखादा काठ सोपा दिसतो म्हणून तिथून वर चढलात, तर दुसऱ्या महिन्यात तिथे पायवाट तयार होते, पावसात माती नदीत जाते, आणि तिसऱ्या महिन्यात पाटी लागते.

वरच्या चटूगात लिक लॉग क्रीकला बाहेर पडावंच लागतं, कारण तिथून महामार्ग २८ पर्यंत बोटबंदी कायम आहे. पुढे कायाक खांद्यावर घेऊन पायवाटेने चढ चढायचा आहे. दिवस लहान असतो, म्हणून परतीची वेळ या चालण्यासकट मोजा. चौथ्या टप्प्याच्या शेवटी जवळपास दोन मैल तलावाचं साचलेलं पाणी वल्हवावं लागतं, तेही अंगातलं सगळं बळ संपल्यावर. दुसरी गाडी खाली लावताना किल्ली वरच्या गाडीत राहिली, तर काय होतं ते मी दोनदा पाहिलं आहे. किल्ली लाइफ जॅकेटच्या खिशात, चेन लावून.

रस्ता अरुंद असेल तर गाड्या कमी न्या. कायाक धुवून, पाणी काढून, पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या नदीत घाला. एका नदीतलं उपद्रवी शेवाळ आणि कीड असाच प्रवास करतात.

८. गळ टाकून बसलेला माणूस दिसला तर

वल्ही थांबवा. त्याने दोरी कुठे टाकली आहे ते पाहा, हाताने खूण करून विचारा कुठून जाऊ, आणि त्याच्या मागून किंवा तो सांगेल त्या बाजूने शांतपणे सरका. आरडाओरडा नको, त्याच्यासमोरच्या डोहात खेळत बसणं नको. तो पहाटेपासून उभा आहे, तुम्ही दोन मिनिटांत निघून जाणार आहात. वरच्या चटूगाकाठच्या एलिकॉट रॉक या वाइल्डरनेस, म्हणजे राखीव रानाच्या, भागात ड्रोन उडवायलाही मनाई आहे. तिथे गेल्यावर त्याचं कारण सांगावं लागत नाही.

कचरा परत आणा. शौचासाठी पाण्यापासून किमान दोनशे फूट दूर जा आणि खड्डा करा. ज्या नद्यांवर विष्ठा बरोबर परत नेण्याचा नियम आहे, तिथे त्याचा डबा नेणं बंधनकारक असतं आणि तो तपासतातही.

९. परतल्यावर चार ओळी लिहा

हे काम जवळजवळ कोणी करत नाही. घरी आल्यावर तारीख, जलमापकाचा आकडा, टप्पा, गटातली माणसं, नदीत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ वहीत लिहा. वाटेत किती जण भेटले, त्यांत गळ टाकणारे किती, कोणाशी काही बोलणं झालं का, हेही लिहा. चटूगाच्या वादात एकांत आणि गाठीभेटी हाच कळीचा प्रश्न होता: कायाक आल्या तर दिवसाला किती वेळा लोक एकमेकांना भेटतील, आणि कोणाचा निवांतपणा मोडेल. व्यवस्थापन आराखडे पुन्हा लिहायला घेतात तेव्हा लोकांकडून लेखी मतं मागवतात. ‘मला नदी आवडते, ती खुली करा’ असं पत्र चांगलंच आहे. पण ‘तीन हिवाळ्यांत नऊ वेळा गेलो, तारखा आणि पाणी असं होतं, या दिवशी इतके मासे धरणारे भेटले’ असं पत्र अधिकाऱ्याला आपल्या कागदात वापरता येतं.

माझ्या वहीत त्या डिसेंबरच्या सकाळचीही नोंद आहे: ३४० क्युसेक, कायाक उतरवल्या नाहीत, पुलाखाली गळ टाकणारे दोघे, नमस्कार झाला.